पाठीचं की पोटाचं? लेदर घेण्याआधीचे चार प्रश्न

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

आज मी गावाहून बोलतोय. वैशाखरे. कल्याणहून मुरबाड, मुरबाडहून माळशेज घाटाच्या रस्त्याला लागलं की टोकावड्याच्या पुढे आमचं गाव. तुम्ही खालून नाणेघाटाचा ट्रेक केला असेल तर आमच्या गावावरूनच गेला असाल. मागे जो आवाज येतोय तो पावसाचा आहे, पत्र्यावरचा. तो मला एडिट करता येणार नाही. आणि आजच्या विषयात पावसाचाही हात आहे, तेव्हा राहू दे.

विषय आहे लेदर. मी सुट्टीच्या दिवशी वॉलेट, बेल्ट असं काही करतो, हे मागे एका भागात बोलता बोलता सांगितलं होतं. त्यावर बरेच मेसेज आले आणि जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘किट मागवलंय, आता लेदर कुठलं घेऊ?’ उत्तर देण्याआधी माझी फजिती सांगतो. कारण उत्तर त्या फजितीतच आहे.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. पौष पौर्णिमेला आमच्या तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. बैलांचा मोठा बाजार असतो. शेजारच्या काकांना बैलजोडी घेऊन जायचं होतं. त्यांनी माझं वॉलेट बघितलं होतं. म्हणाले, ‘बैलांना गळ्यातले पट्टे करून दे ना, घुंगरं जुनी आहेत माझ्याकडे, पट्टे कुजले.’ मी खूश. पहिलीच ऑर्डर! घरात एक छान मऊ, तपकिरी कातडं होतं. दोन पदरी घेतलं, मेणाच्या दोऱ्यानं शिवलं, घुंगरं लावली. फोटो काढले. फोटो फारच सुंदर आले.

आठ दिवसांत पट्टा चार बोटं लांबला. बकलाची गोल भोकं लंबगोल झाली. घुंगरांच्या वजनानं तो बैलाच्या छातीपर्यंत लोंबायला लागला आणि एक दिवस बैलानं झाडाला मान घासली तेव्हा भोकापाशी फाटला. काका काही बोलले नाहीत. पट्टा आणून ओट्यावर ठेवला आणि चहा न घेता गेले. यात्रेला दहा दिवस होते.

बाबांनी तो पट्टा उचलला. इथे थोडं मागचं सांगावं लागेल. आम्ही चर्मकार. माझे आजोबा आजूबाजूच्या गावांना चपला करून द्यायचे. बाबांनी त्यांच्या हाताखाली दहा-बारा वर्षं काम केलं, मग मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागले आणि रापी-आरी पेटीत गेली. त्या पेटीला मला कधी हात लावू दिला नाही. ‘तू पुस्तकं घे.’ मी घेतली. बी.टेक. झालो, नोकरी लागली, आणि चार वर्षांपूर्वी यूट्यूबवर व्हिडिओ बघून किट मागवलं. पार्सल उघडल्यावर बाबा एवढंच म्हणाले, ‘एवढं शिकून हेच करायचं होतं?’ त्यानंतर त्या टेबलाकडे त्यांनी कधी पाहिलं नाही.

तर त्या दिवशी त्यांनी पट्टा उचलला. दोन्ही हातांत धरून लांबीला ताणला. मग उलटा करून आतली बाजू अंगठ्यानं चोळली. म्हणाले, ‘पोटाचं हाय हे. पोट भरलं की फुगतं, रिकामं झालं की आत जातं. त्याला जन्मभर ताणायचीच सवय. ते बैलाच्या गळ्यात ताणणार नाय तर काय करणार?’

मी चार वर्षांत दोनेकशे व्हिडिओ बघितले असतील. त्यांत ‘बेली’ हा शब्द ऐकलाही होता. पण हे असं कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी मला प्रश्न विचारले. पुढचं सगळं त्या प्रश्नांवर आहे. माझी भर फक्त व्हर्नियर कॅलिपरची.

पहिला प्रश्न: ही वस्तू काय सोसणार?

आपण सुरुवात कुठून करतो? रंग, फिनिश, किंमत. बाबांनी रंगाचं नावच काढलं नाही. त्यांचा प्रश्न होता: ही वस्तू कुठे वाकणार, कुठे ताणली जाणार, कशाला घासणार, पाण्यात जाणार का?

वॉलेट दिवसातून वीस वेळा एकाच घडीवर दुमडतं, पण त्याला ताण नसतो. बेल्टला लांबीत ताण असतो. बॅगेचं अंग वेगळं आणि बॅगेचा पट्टा वेगळा, कारण सगळं वजन पट्ट्यावर येतं. म्हणजे एकाच वस्तूत दोन प्रकारचं कातडं लागू शकतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे कोल्हापुरी चप्पल. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? नंतर कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मिळालाय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण त्या सगळ्या चर्चेत लोक डिझाइनबद्दल बोलत होते. ती चप्पल टिकते ती कातड्याच्या निवडीमुळे. तळ म्हशीच्या जाड कातड्याचा, कारण तो जमिनीला घासतो. वरची बारीक वेणी बकऱ्याच्या कातड्याची, कारण ते पातळ असूनही चिवट असतं. आणि पारंपरिक पद्धतीत शिवण कातड्याच्याच वादीची, खिळा नाही. एका चपलेत कामाप्रमाणे कातडी वाटून दिलेली आहेत.

तर कागद घ्या आणि आधी हे लिहा. आमच्या भाषेत, आधी रिक्वायरमेंट, मग कोड. मी उलटं केलं होतं.

दुसरा प्रश्न: कुठल्या जनावराचं, आणि अंगाच्या कुठल्या भागाचं?

जनावर आधी. म्हशीचं कातडं जाड, दाणा मोठा, मजबूत. बकऱ्याचं पातळ आणि घट्ट, वॉलेटला, अस्तराला, बारीक कामाला उत्तम. मेंढीचं एकदम मऊ, जॅकेटसाठी छान, पण वरचा थर सैल असतो, ताण आला की सुटतो. बेल्टसाठी मेंढीचा विचारसुद्धा करू नका. परदेशी व्हिडिओत सगळं गाईचं कातडं असतं. आपल्याकडे महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हशीला ती लागू नाही. त्यामुळे इथे जाड कामासाठी म्हशीचं कातडं समजून घेणं जास्त उपयोगाचं.

आता भाग. कातडं म्हणजे कापडाचा तागा नव्हे. कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं असतं. कातडं एका जिवंत अंगावर होतं आणि ते अंग त्यात राहतं. पाठीचा भाग, कण्याच्या दोन्ही बाजूंचा, सगळ्यात घट्ट. खांद्याचा भागही चांगला, पण मानेच्या सुरकुत्या दिसतात. पोट आणि पायांकडचा भाग सैल, लवकर ताणणारा.

म्हणून बेल्ट, बॅगेचा पट्टा, बैलाचा पट्टा, जे जे लांबीत ताण घेणार ते पाठीतून कापायचं, आणि कण्याला समांतर. पोटाचं कातडं फेकायचं नाही. छोटे पाउच, की-चेन, प्रॅक्टिसचे टाके, यासाठी ते स्वस्तात मिळतं. माझी चूक पोटाचं कातडं घेतलं ही नव्हती. त्याला पाठीचं काम दिलं ही होती.

दुकानात कसं ओळखायचं? तुकडा दोन्ही हातांत धरून लांबीला ताणा, मग रुंदीला ताणा. मग केसांची बाजू, म्हणजे वरची बाजू, आत घेऊन वाकवा. बारीक, जवळजवळ सुरकुत्या पडल्या तर वीण घट्ट. मोठ्या, पोकळ फुगीर घड्या पडल्या तर सैल. उलटी बाजूही बघा. तंतू लोंबत असतील तर तो भाग बहुतेक कडेचा आहे.

तिसरा प्रश्न: कशानं कमावलंय?

कच्चं कातडं तसंच ठेवलं तर कुजतं, वाळवलं तर पापडासारखं कडक होतं. ते टिकाऊ करणं म्हणजे कमावणं. मुख्य पद्धती दोन.

पहिली झाडपाल्याची, व्हेज टॅन. आता जरा माझ्या खिडकीबाहेर बघा. म्हणजे तुम्हाला दिसणार नाही, पण तिथे घाट आहे, आणि वर जुन्नर तालुका. त्या डोंगरांतले आदिवासी बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात. हिरडा आपण खोकल्याला, पोटाला म्हणून ओळखतो. पण तोच हिरडा आणि बाभळीची साल वापरून पिढ्यान् पिढ्या कातडं कमावलं गेलं. कोल्हापूरकडे तर कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचे आणि आत साल-हिरड्याचं पाणी भरायचे. ते पाणी कातड्यातून झिरपत राहायचं. आपल्याकडे कमावण्याचं हे काम परंपरेनं ढोर समाजाचं, आणि त्यातून वस्तू करण्याचं चर्मकारांचं.

हे चालतं कसं? हिरडा चावून बघा. तोंड आखडतं ना? तो तुरटपणा म्हणजे टॅनिन. टॅनिन तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून जीभ कोरडी वाटते. कातड्यात ते कोलॅजेन नावाच्या प्रथिनाला असंच धरून ठेवतं, आणि मग ते सहजी कुजत नाही. तोंडात होतं तेच कातड्यात होतं, फक्त आठवडेच्या आठवडे.

दुसरी पद्धत क्रोमची. क्रोमियमचे क्षार वापरून तेच काम एखाद्या दिवसात होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती कारखान्यांत आली आणि आज जगातलं बहुतेक लेदर याच पद्धतीचं आहे. मऊ, रंग पक्का, पाण्याला जास्त दाद न देणारं.

कुठलं चांगलं? हा प्रश्नच चुकीचा. व्हेज टॅन आकार धरतं, कड घासून गुळगुळीत होते, ओलं करून त्यावर नक्षी उठते, वापरून रंग गडद होतो. पण पाणी पितं. पावसात भिजवून चुलीपाशी वाळवलंत की संपलं, लाकूड होतं. म्हणून तर शहाणी माणसं कोल्हापुरी पावसाळ्यात घालत नाहीत. क्रोमचं कातडं पाऊस सोसतं, पण त्यावर नक्षी उठत नाही, कड तितकी बसत नाही आणि मऊ प्रकारचं असेल तर ताणतं.

घरी ओळखायची परीक्षा: कापलेली कड बघा. व्हेज टॅनची कड आतपर्यंत बदामी-तपकिरी असते. क्रोमच्या कडेला पुष्कळदा आत निळसर करडी रेघ दिसते, अर्थात आतपर्यंत रंगवलेलं नसेल तर. वर फिनिश मारलेलं नसेल तर पाण्याचा थेंब टाका. व्हेज टॅन तो शोषतं आणि तिथे गडद होतं. आणि मला सगळ्यात आवडलेली परीक्षा: नखाएवढा तुकडा उकळत्या पाण्यात टाका. व्हेज टॅनचा तुकडा आक्रसून कडक होतो, चांगलं क्रोमचं कातडं उकळी सहन करतं. मी आईचं जुनं पातेलं वापरलं. तुम्ही विचारून वापरा.

चौथा प्रश्न: कुठला थर, आणि किती जाड?

कातड्याचा वरचा थर घट्ट विणीचा, खालचा सैल. जाड कातडं मशीनमध्ये आडवं चिरून थर वेगळे करतात. वरचा थर न घासता ठेवला तर फुल ग्रेन. त्यावर डासांचे डाग, ओरखडे दिसतात आणि ते दिसणं चांगलं लक्षण. वरून घासून, रंगाचा थर देऊन, छाप मारून एकसारखं केलं तर करेक्टेड ग्रेन. खालचा वेगळा काढलेला थर म्हणजे स्प्लिट, स्वेड बरेचदा त्याचंच असतं. आणि लेदरचा भुगा चिकटवून केलेलं ते बाँडेड.

आता तो प्रसिद्ध शब्द, ‘जेन्युइन लेदर’. त्याचा अर्थ एवढाच की हे लेदर आहे. कुठला थर, कुठला भाग, काही कळत नाही. मी सुरुवातीला ऑनलाइन हा शिक्का बघून बेल्टची पट्टी घेतली होती. चार महिन्यांत वरचा रंग सालीसारखा निघाला, खाली ब्लॉटिंग पेपरसारखं काहीतरी. दुकानाचं नाव घेत नाही, कारण चूक वाचणाऱ्याचीही होती.

रेक्झिनचा संशय असेल तर कडेचा एक धागाभर तुकडा जाळून बघा. चिमट्यात धरून, बाहेर उघड्यावर. केस जळल्याचा वास आला तर कातडं, प्लास्टिकचा आला तर विषय संपला.

जाडीचा हिशोब असा: वॉलेटला १ ते १.२ मिलिमीटर, कारण घडीत चार-चार थर येतात. बॅगेला २ ते २.५. एकपदरी बेल्टला ३.५ ते ४. परदेशी व्हिडिओत औंस म्हणतात, १ औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. आणि लेदर विकलं जातं चौरस फुटावर, पण आकार वेडावाकडा असतो. म्हणून तुमच्या भागांचे कागदी साचे घेऊन दुकानात जा आणि कातड्यावर ठेवून बघा. लांब बेल्ट हवा आणि कातडं आखूड, असं माझं झालंय.

आता पट्ट्याकडे परत. हे चार प्रश्न घेऊन मी धारावीला गेलो. एसटीनं कल्याण, लोकलनं सायन, तिथून चालत. कातडी कमावण्याचे जुने कारखाने आता धारावीत राहिले नाहीत, पण लेदरची दुकानं आणि वस्तू करणारे कारागीर भरपूर आहेत. बाबांना चला म्हटलं होतं, आले नाहीत. दुकानातून मी व्हिडिओ कॉल केला. ‘फोनवर काय कळतं,’ म्हणाले. पण फोन ठेवला नाही. ‘उलटं कर. आता वाकव. जवळ धर. नखानं दाब.’ दुकानदार आधी हसत होता. मग स्वतःच आतून दुसरं कातडं घेऊन आला आणि माझ्याशी न बोलता फोनशी बोलायला लागला, ‘चाचा, ये देखो.’

मी अडकलो होतो तिसऱ्या प्रश्नावर. पाठीचं व्हेज टॅन घेतलं तर ताणणार नाही, पण आमच्याकडे चार महिने धो-धो पाऊस, बैल चिखलात. क्रोमचं घेतलं तर पाऊस सोसेल, पण दुकानात होतं ते सगळं मऊ, ताणणारं. मी बाबांना हे सगळं समजावून सांगत होतो. ते म्हणाले, ‘पावसात बैलाला घुंगराचं काय काम? आवणीच्या टायमाला कोण बैल सजवतो? दावं पुरे. हा पट्टा यात्रेला नि सणाला. तेल पाजून माळ्यावर टांगायचा.’

बघा, मी पहिला प्रश्न विचारलाच नव्हता. म्हणजे लिहिला होता, पण वस्तूकडे बघून लिहिला होता. ती वापरणाऱ्या माणसाकडे बघून नाही.

म्हशीच्या पाठीचं व्हेज टॅन घेतलं, चार मिलिमीटर, कण्याला समांतर कापलं. एरंडेल लावलं, सावलीत ठेवलं. काका म्हशाला गेले ते पट्टे घालून. पट्टे आता त्यांच्या माळ्यावर आहेत. परवा जाऊन मोजले, लांबी तेवढीच आहे. मोजायला गेलो म्हणून त्यांनी चहा पाजला.

एक शेवटची गोष्ट. मी इन्स्टाग्रामवर वॉलेटचा फोटो टाकला की लोक लिहितात, ‘वॉव, हँडमेड!’ हेच काम बाबा करायचे तेव्हा त्यांना नावानं नाही, जातीनं हाक मारायचे. माझ्या हातात तोच धंदा छंद झाला, कारण माझ्या हातात आधी लॅपटॉप आला. बाबांनी पेटी बंद केली ती आळसानं नाही. त्यांनी ती माझ्यासाठी बंद केली. त्यामुळे ‘परंपरा जपा’ वगैरे मी त्यांना सांगणार नाही, तो अधिकार मला नाही. त्यांनी रापी अजून हातात घेतलेली नाही. घेतील असंही वाटत नाही. पण परवा मी एक तुकडा कापत होतो, तर जाता जाता म्हणाले, ‘डावीकडनं काप, तिकडं वीण सैल हाय.’ मी डावीकडून कापलं.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, चपला शिवणारं, कातडं ओळखणारं, तर व्हिडिओ बघायच्या आधी त्यांच्याकडे जा. तुकडा न्या. शिकवा म्हणू नका, नुसतं विचारा, ‘हे कुठलं आहे?’ आणि शिकलात तर वेळेचे पैसे द्या, आपण कोर्सला देतोच ना.

एवढंच. पुढच्या भागात दोरा आणि टाके. तोवर पावसात लेदरचा बेल्ट घालून ट्रेकला येऊ नका. भिजलाच तर सावलीत वाळवा, चुलीपाशी नको. भेटूया!